अक्षरी रुपये… फक्त : संगणक आकडा लिहितो कसा

मागच्या उन्हाळ्यात भाच्याने आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक यंत्र बसवलं. डिप्लोमाचं दुसरं वर्ष, रिकामी सुट्टी आणि टाकी भरून वाहते म्हणून वॉचमनशी रोज होणारी वादावादी, एवढं भांडवल त्याला पुरेसं होतं. टाकीच्या झाकणाखाली पातळी मोजणारा सेन्सर, जिन्यात अर्डुइनो ऊनो नावाचा तळहाताएवढा बोर्ड, आणि त्याला जोडलेला दोन ओळींचा, ओळीत सोळा अक्षरं मावणारा डिस्प्ले. वायरी जोडून झाल्या, वीज दिली आणि डिस्प्लेवर रोमन लिपीत उमटलं : "पाणी: ? %".

"मामा, सेन्सर गेला बहुतेक."

सेन्सर ठणठणीत होता. बोर्डाच्या पोटात ७३.५ हा आकडा बरोब्बर पोचला होता. तो लिहून कसा दाखवायचा, एवढंच बोर्डाला येत नव्हतं.

मीटर, मशिनं, रिमोट असल्या वस्तूंच्या आत बसणाऱ्या चिमुकल्या संगणकांचे प्रोग्रॅम लिहून मी पोट भरतो. हे काम बहुतेक सी भाषेत चालतं. माझा अनुभव असा, की मोजणं, गुणणं, मोटर फिरवणं यात माणूस फारसा फसत नाही. "आकडा दाखव" आणि "आकडा वाच" या दोन बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या कामांत फसतो. २०२१ च्या जूनमध्ये एका वायफायच्या नुसत्या नावाने आयफोनचं वायफाय बंद पडत होतं. तेही याच जातीचं दुखणं. तिथपर्यंत येऊच, पण सुरुवात चेकबुकापासून करू.

(एक खुलासा. लेखात आकडे नेहमीसारखे देवनागरीत छापले आहेत. संगणकाच्या आतलं बोलणं सुरू असेल तेव्हा मनात इंग्रजी अंक (0, 1, 2…) धरा. हा फरक पुढे आपल्याला चांगलाच नडणार आहे.)

पाचशे आणि "पाचशे"

चेकवर रक्कम दोनदा लिहावी लागते, एकदा आकड्यात आणि एकदा अक्षरी. पैसे तेवढेच, रूपं दोन. संगणकातही तसंच आहे. ज्याच्याशी बेरीज-वजाबाकी करायची तो आकडा वेगळा, आणि जो डोळ्यांना दाखवायचा तो अक्षरांचा समूह वेगळा. या समूहाला प्रोग्रॅमर स्ट्रिंग म्हणतात.

मेमरी म्हणजे ओळीने मांडलेले चौकोन. प्रत्येक चौकोनाला बाइट म्हणायचं, आणि एकात ० ते २५५ यांपैकी काहीतरी एक मावतं. ५०० ही संख्या ठेवायला दोन चौकोन लागतात, एकात १ आणि दुसऱ्यात २४४, कारण १ गुणिले २५६ अधिक २४४ म्हणजे ५००. हेच "५००" अक्षरी ठेवायचं तर पाच, शून्य, शून्य अशी तीन अक्षरं लागतात. अक्षरांनाही क्रमांक दिलेले आहेत. १९६३ साली आलेल्या आस्की नावाच्या कोष्टकानुसार शून्य या अक्षराचा क्रमांक ४८, एकचा ४९, असं करत नऊचा ५७. म्हणजे अक्षरी "५००" मेमरीत दिसतं ५३, ४८, ४८.

मुद्दाम ४८ चं लक्षात ठेवा. एका अंकाचं अक्षर हवं असेल तर त्यात ४८ मिळवायचे, आणि अक्षरावरून अंक हवा असेल तर ४८ वजा करायचे. सगळ्या रूपांतराची किल्ली एवढीच.

अक्षरं कुठे संपली हे कसं कळायचं? चेकवर आपण "रुपये पाचशे फक्त" असं लिहितो. ते "फक्त" नसेल तर पुढच्या मोकळ्या जागेत कोणीही "पंचवीस" घुसडू शकतो. सी भाषेतही असाच एक "फक्त" आहे. शेवटच्या अक्षरानंतरच्या चौकोनात शून्य ठेवायचं. हे शून्य म्हणजे अक्षर "०" नव्हे (त्याचा क्रमांक ४८ आहे), तर खरोखरचं रिकामं शून्य. त्याला नल म्हणतात. स्ट्रिंग किती लांब आहे हे सी वेगळं कुठेही लिहून ठेवत नाही. वाचणारा नल दिसेपर्यंत वाचत सुटतो. नल विसरलात तर तो शेजाऱ्याच्या चौकोनात शिरतो आणि तिथलं जे असेल ते वाचून दाखवतो.

एकक आधी सापडतो

बोर्डाकडे ४०७ आहे आणि त्याला "४", "०", "७" अशी अक्षरं हवी आहेत. दहाने भागायचं. बाकी ७ उरली, ती एककाच्या घरची. भागाकार आला ४०. त्याला पुन्हा दहाने भागलं, बाकी ०. उरले ४, बाकी ४, भागाकार शून्य, काम संपलं. प्रत्येक बाकीत ४८ मिळवले की अक्षरं तयार.

पण ती आली उलटी : सात, शून्य, चार. संगणकाला एकक आधी सापडतो आणि आपण वाचतो शतकापासून. म्हणून सराईत माणूस उजवीकडच्या शेवटच्या चौकोनात आधी नल ठेवतो आणि तिथून डावीकडे भरत येतो. तसं पाहिलं तर मराठीला यात नवल वाटायचं कारण नाही. आपण ४७ ला "सत्तेचाळीस" म्हणतो, म्हणजे सात आधी आणि चाळीस नंतर. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "चाळीस सात" अशा धर्तीचं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! ऊनोवरच्या चिपला विचारलं असतं तर तिने जुन्या पद्धतीच्या बाजूने मत दिलं असतं.

त्या चिपला भागाकाराची थेट सूचनाही नाही, बरं का. गुणाकार येतो, भागाकार नाही. दहाने भागायचं म्हणजे वजाबाक्या आणि सरकवासरकवीची मालिका चालवावी लागते. तीन अंकी आकडा दाखवायला तिला पडणारे कष्ट तोच आकडा मोजायला पडलेल्या कष्टांपेक्षा जास्त असू शकतात.

उणे आकडा आणि एकटा पडलेला कंस

उणे आकड्यांसाठी कुणालाही सुचेल तो उपाय असा : आधी उण्याचं चिन्ह लिहा, आकडा अधिक करून घ्या आणि मघाचा भागाकार चालवा. हे चालतं, पण एक आकडा सोडून.

ऊनोवरचा साधा पूर्णांक दोन बाइटचा असतो, आणि त्यात उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंतच मावतं. (ज्यांनी कॉलेजात टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर प्रॅक्टिकल केली आहेत त्यांना ३२७६७ हा आकडा आपल्या रोल नंबरसारखा पाठ असतो.) उणे बाजूला एक जास्तीचा आहे, कारण शून्याने अधिक बाजूची एक जागा खाल्ली. आता उणे ३२,७६८ ला अधिक करायला जा. ३२,७६८ मावतच नाही! सी भाषेचे नियम इथे काहीच हमी देत नाहीत, पण बहुतेक चिपवर आकडा होता तसाच उणे राहतो. मग दहाने भागल्यावर बाकी येते उणे ८. त्यात ४८ मिळवले की ४०. आणि आस्कीत ४० म्हणजे उघडणारा कंस. भागाकार उणे आला म्हणून "अधिक आहे तोवर चालू ठेव" असं सांगितलेलं चक्र तिथेच थांबतं, आणि पडद्यावर येतं "-(".

बत्तीस बिटच्या (आठ बिटचा एक बाइट, म्हणजे चार बाइटच्या) संगणकावरचा सर्वांत लहान आकडा आहे उणे २,१४,७४,८३,६४८. चौसष्ट बिटवरचा एकोणीस अंकी आहे. तोही ८ नेच संपतो. त्यामुळे ही चूक कुठेही केली तरी उमटतं तेच, "-(". रुसलेलं तोंड काढल्यासारखं.

उपाय गमतीचा आहे. उणेला अधिक करण्याऐवजी अधिकला उणे करायचं आणि सगळा भागाकार उणे बाजूने चालवायचा. त्या बाजूला एक जागा जास्त आहे, तेव्हा प्रत्येक आकडा तिथे मावतोच.

बारा चौकोन, तेरा अक्षरं

डिस्प्लेवर पाठवायची ओळ आधी मेमरीत एका जागी जुळवावी लागते. या राखून ठेवलेल्या चौकोनांना बफर म्हणतात. बँकेच्या फॉर्मवर नावासाठी एकेका अक्षराचे चौकोन असतात, तसेच. फरक एवढाच, की फॉर्म भरताना चौकोन संपले तर माणूस थबकतो. सी थबकत नाही. ती पुढच्या रकान्यात लिहीत जाते, मग तिथे जन्मतारीख असो की खातं नंबर.

प्रश्नचिन्हाचा उलगडा झाल्यावर (तो पुढे येतोय) भाच्याने ओळ ठरवली : "पाणी: ७३.५ %". रोमनमध्ये त्याची अक्षरं मोजली, मधल्या जागांसकट बारा भरली. त्याने बारा चौकोनांचा बफर घेतला. तुमच्या लक्षात आलंच असेल, की "फक्त" राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सोसायटीत पाणी नव्हतं. पंप सुरूच झालेला नव्हता. डिस्प्ले मात्र अगदी व्यवस्थित, "पाणी: २१.० %" असा झळकत होता.

झालं होतं असं. बफरला लागूनच मेमरीत दुसरी एक संख्या बसली होती : पाणी किती टक्के झालं की पंप बंद करायचा, ती १००. ओळीची बारा अक्षरं बारा चौकोनांत बसली आणि तेरावा नल शेजारी जाऊन १०० वर बसला. १०० चं झालं शून्य. आता पंपाचा नियम असा झाला, की टाकीत शून्य टक्के किंवा जास्त पाणी असेल तर बंद राहा. असा नियम मिळाल्यावर कोणता पंप सुरू होईल? बोर्ड बंद करून चालू केला की पहिली ओळ जुळेपर्यंत, म्हणजे क्षणभर, तो शहाणा असायचा, मग पुन्हा तेच. आणि पातळी दहाच्या खाली असताना तसं केलं असतं, तर एक अक्षर कमी असल्यामुळे काही काळ सगळं ठीक चाललं असतं. असल्या चुकांना पकडायला दिवस का जातात ते यावरून कळेल. दिसतं एकीकडे, दुखतं दुसरीकडे, आणि मधूनच थांबतंही.

ही शेजाऱ्याच्या घरात सांडण्याची सवय जुनी आहे. २ नोव्हेंबर १९८८ ला इंटरनेटवर मॉरिस वर्म नावाचा, आपोआप फैलावत जाणारा प्रोग्रॅम पसरला, त्याने घुसण्यासाठी वापरलेला एक रस्ता हाच होता. येणारी ओळ बफरात किती मावेल हे न विचारता लिहून घेणारं "गेट्स" नावाचं फंक्शन, म्हणजे ठरलेलं काम करून देणारा प्रोग्रॅमचा तयार तुकडा. ते २०११ च्या नव्या प्रमाण आवृत्तीत सी भाषेतून काढूनच टाकलं.

मग किती चौकोन घ्यायचे? साध्या पूर्णांकासाठी हिशेब सोपा आहे. ऊनोवर चिन्ह, पाच अंक आणि नल, म्हणजे सात. बत्तीस बिटला बारा, चौसष्ट बिटला एकवीस. दशांश अपूर्णांकाचं मात्र सांगता येत नाही. संगणकात मावणारा सर्वांत मोठा दुहेरी अचूकतेचा अपूर्णांक साध्या पद्धतीने छापायला सांगितला तर दशांश चिन्हाच्या आधीच ३०९ अंक येतात.

त्यासाठी एसएनप्रिंटएफ हे फंक्शन आहे. त्याला बफरबरोबर चौकोनांची संख्याही द्यायची. तो तेवढ्यातच लिहितो, नलसकट, आणि पुरेशी जागा असती तर किती अक्षरं झाली असती तो आकडा परत देतो. हा परत आलेला आकडा बघणारे लोक फार थोडे, आणि माझा खरा राग इथे आहे. वाक्य मध्येच कापलं गेलं तर वाचणाऱ्याला कळतं. आकडा कापला गेला तर कळत नाही. "१०००००" चे "१०००" झाले तर ते हजार म्हणून खपून जातात.

गाळलेल्या जागा भरा

आता प्रश्नचिन्ह. सीमध्ये छापण्याचं जे घराणं आहे त्याचा मूळपुरुष प्रिंटएफ. त्याचं काम शाळेतल्या "गाळलेल्या जागा भरा" सारखं चालतं. एक साचा द्यायचा, त्यात टक्क्याच्या चिन्हाने जागा दाखवायच्या, आणि मागोमाग त्या जागांची उत्तरं द्यायची. "%डी" म्हणजे इथे पूर्णांक, "%एफ" म्हणजे दशांश अपूर्णांक, "%एस" म्हणजे स्ट्रिंग. खरंखुरं टक्क्याचं चिन्ह हवं असेल तर ते दोनदा लिहावं लागतं, हे आमच्या टाकीच्या ओळीत पहिल्यांदा चुकलंच होतं.

ऊनोवर मेमरी म्हणजे प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट आणि चालू कामासाठी अवघे २ किलोबाइट. अपूर्णांक छापण्याचं गणित चांगलंच जागाखाऊ असतं. म्हणून या चिपबरोबर येणाऱ्या तयार फंक्शनांच्या संचातून ते मुळातच वगळलेलं असतं, आणि "%एफ" च्या जागी सरळ "?" छापला जातो. कुणीतरी विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे तो. निदान खोटा आकडा तरी दाखवत नाही.

यातून वाट काढतात ती अशी. ७३.५ ऐवजी ७३५ ठेवायचे, दहाने भागून ७३, बाकी ५, आणि दोघांच्या मध्ये टिंब. आपण पैशांचा हिशेब असाच करतो. पण पैशांचंच उदाहरण घेतलं तर फट दिसते. ७३ रुपये ५ पैसे म्हणजे ७३०५ पैसे. शंभराने भागून ७३, बाकी ५, छापलं "७३.५". पाच पैशांचे पन्नास झाले! बाकी छापताना दोन घरं राखून ठेव आणि रिकाम्या घरात शून्य भर, असं साच्यात सांगावं लागतं, मग "७३.०५" येतं. थंड हवेच्या ठिकाणी उणे अर्धा अंश तापमान असेल तर आणखी मजा. उणे ५ भागिले १० म्हणजे ०, बाकी उणे ५, आणि डिस्प्लेवर "०.-५".

हा पूर्णांकांचा खटाटोप नुसता जागा वाचवण्यासाठी नाही. एक दशांश, म्हणजे ०.१, संगणकाच्या दोनच अंकांच्या पद्धतीत नेमका लिहिताच येत नाही. एक भागिले तीन आपण ०.३३३… असं लिहीत राहतो तसं त्याचं होतं, कुठेतरी तोडावं लागतं. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धहरानमध्ये अमेरिकेची पेट्रियट यंत्रणा येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक गेले. ती यंत्रणा वेळ दशांश सेकंदांत मोजून त्याला तोडलेल्या ०.१ ने गुणत होती. शंभर तास चालू राहिल्यावर फरक साचून सुमारे ०.३४ सेकंद झाला होता. एवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं.

साचाच परक्याने दिला तर?

गाळलेल्या जागा तीन आणि उत्तरं दोन दिली तर शाळेत एक मार्क जातो. सी मात्र तिसरं उत्तर स्वतः आणते, मेमरीत त्या जागी जे पडलं असेल ते उचलून. "%एस" साठी उचललेल्या आकड्याला ती पत्ता, म्हणजे मेमरीतल्या चौकोनाचा क्रमांक, समजते, त्या पत्त्यावर जाते आणि नल दिसेपर्यंत वाचत राहते. पत्ता भलताच निघाला तर प्रोग्रॅम जागीच कोसळतो.

त्याहून विचित्र जागा आहे "%एन". ती काही छापत नाही. "आतापर्यंत किती अक्षरं छापली तो आकडा या पत्त्यावर लिहून ठेव" असं ती सांगते. म्हणजे छापणाऱ्याच्या हातात मेमरीत लिहिण्याचं पेन!

साचा तुम्ही स्वतः लिहिला असेल तोवर हे धकतं. पण बाहेरून आलेला मजकूर कुणी आळसाने साच्याच्या जागीच ठेवला, तर त्या मजकुरातली टक्क्याची चिन्हं आज्ञा होतात. २०२१ च्या जूनमध्ये नेमकं हे दिसलं. वायफायचं नाव "%पी%एस%एस%एस%एस%एन" असं रोमन अक्षरांत ठेवलं आणि आयफोन त्याला जोडला की फोनचं वायफाय बंद पडायचं. फोन बंद करून चालू केला तरी सुरू व्हायचं नाही, नेटवर्क सेटिंग रीसेट करावं लागायचं. आतल्या कुठल्यातरी नोंदीत ते नाव साचा म्हणून वापरलं गेलं होतं. जुलैमध्ये आलेल्या आयओएस १४.७ या आयफोनच्या प्रणालीच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं.

बचाव एका ओळीचा आहे. साचा म्हणून फक्त "%एस" द्या आणि परका मजकूर त्याचं उत्तर म्हणून द्या. मग त्यात कितीही टक्के असोत, ते नुसते छापले जातात. अँड्रॉइडच्या सी संचात तर "%एन" चालतच नाही, आणि मायक्रोसॉफ्टच्या संचात ते मुळात बंद ठेवलेलं असतं.

उलटा प्रवास : अक्षरांवरून आकडा

कुणीतरी "४०७" टाइप केलं, त्याची संख्या करायची. शून्यापासून सुरू. ४ आला : ० गुणिले १० अधिक ४. ० आला : ४ गुणिले १० अधिक ०, म्हणजे ४०. ७ आला : ४०७. प्रत्येक अक्षरातून ४८ वजा करायचे विसरू नका. बस्स, इतकंच.

हे करणारं जुनं फंक्शन म्हणजे एटूआय. त्याला "१२ लिटर" दिलं तर १२ देतं. "बारा" दिलं तर शून्य देतं. "०" दिलं तरी शून्य देतं. म्हणजे खरोखर शून्य आलं की काहीच कळलं नाही, हे ओळखायला मार्ग नाही. टाकीच्या बाबतीत हा फरक केवढा मोठा आहे ते सांगायला नको.

आणि या लेखात छापलंय तसं देवनागरी "१२" दिलं तर? तरीही शून्य. देवनागरी अंक युनिकोडच्या (जगभरच्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या कोष्टकाच्या) प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट घेतात. "१" म्हणजे २२४, १६५, १६७. एटूआय पहिलाच २२४ बघतो, तो ४८ ते ५७ मध्ये नाही, म्हणून हात झटकतो. पायथन भाषा मात्र देवनागरी "१२" बिनतक्रार बारा म्हणून वाचते. सीमध्ये हवं असेल तर स्वतः लिहायचं, आणि ते अवघडही नाही. देवनागरी अंकांचे पहिले दोन बाइट सारखेच असतात आणि तिसरा १६६ ते १७५ असा क्रमाने जातो. ४८ च्या जागी १६६ वजा करा, तीच युक्ती.

शहाणं फंक्शन म्हणजे स्ट्रटूएल. ते आकडा देतं, कुठल्या अक्षरापाशी थांबलं ते सांगतं, आणि आकडा मावला नाही तर तशी खूणही करतं. शिवाय कितीच्या पाढ्याने वाचू, दहाच्या की सोळाच्या, असं विचारतं. इथे "तूच ठरव" म्हणून शून्य दिलं की जुनी खोड जागी होते. सुरुवातीला शून्य दिसलं की ते आठच्या पद्धतीतलं समजायचं, ही सीची रीत आहे. पुण्याचा एसटीडी कोड ०२० असा वाचला तर होतात १६. मुंबईचा ०२२ होतो १८, नागपूरचा ०७१२ होतो ४५८. तारखेतला ऑगस्ट "०८" असा आला तर शून्य, कारण आठच्या पद्धतीत ८ हा अंकच नाही. जुलैपर्यंत सुरळीत चाललेला प्रोग्रॅम ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये बिघडतो आणि ऑक्टोबरला पुन्हा बरा होतो.

मुळात एसटीडी कोड ही संख्या नव्हेच. कुणी दोन एसटीडी कोडांची बेरीज करतं का? मोबाइल नंबरचंही तेच. आपले मोबाइल नंबर दहा अंकी, ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे. बत्तीस बिटमध्ये उणे चिन्ह सोडून दिलं तरी जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ मावतात. म्हणजे भारतातला एकही मोबाइल नंबर त्यात बसत नाही. ती नावं आहेत, अंकांनी लिहिलेली. नावं स्ट्रिंगमध्येच ठेवावीत.

पण मग कंपायलर काय झोपा काढतो?

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. नाही, तो झोपत नाही. साच्यात "%डी" आणि उत्तरात स्ट्रिंग असेल तर जीसीसी नावाचा प्रसिद्ध कंपायलर इशारा देतो, परका मजकूर साच्याच्या जागी दिसला तरी देऊ शकतो, मात्र त्याला तसं सांगावं लागतं. अर्डुइनोच्या एडिटरमध्ये हे इशारे दाखवणं सुरुवातीला बंदच असतं. भाच्याच्या प्रोग्रॅमवर मी ते सुरू केले तेव्हा पडदाभर पिवळं झालं.

आणि सी सोडूनच का देत नाही?

रास्त प्रश्न. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास ही भाषा घडवली तेव्हा संगणक आजच्या ऊनोचेच थोरले भाऊ होते. प्रत्येक पावलावर तपासणी परवडणारी नव्हती, म्हणून भाषेने प्रोग्रॅमरवर विश्वास टाकला. आज रस्टसारख्या भाषा आहेत, ज्या "१२ लिटर" ची संख्या मागितली तर चुकीची खूण हातात ठेवतात आणि ती नजरेआड करू देत नाहीत. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातही २०२२ अखेरच्या ६.१ आवृत्तीपासून रस्टला प्रवेश मिळाला आहे. नवं काही सुरू करत असाल तर जरूर विचार करा.

पण भाषा बदलली की काम झालं, असं मी म्हणणार नाही. ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान-५ हे युरोपीय रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि सुमारे ४० सेकंदांत फुटलं. चौसष्ट बिटचा एक अपूर्णांक सोळा बिटच्या पूर्णांकात, आपल्या त्याच ३२,७६७ वाल्या घरात, कोंबला जात होता. तो मावला नाही. प्रोग्रॅम सीमध्ये नव्हता, तपासणीसाठी नावाजलेल्या एडा भाषेत होता. एडाने चूक पकडलीसुद्धा! पकडल्यावर पुढे काय करायचं ते कुणी लिहिलं नव्हतं, म्हणून दिशा सांगणारा संगणक बंद पडला. जोडीला ठेवलेल्या संगणकात तोच प्रोग्रॅम होता, तोही त्याच कारणाने बंद पडला. असे सात आकडे धोक्याचे आहेत हे आधी माहीत होतं. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत राहावा म्हणून त्यांपैकी चारांनाच संरक्षण दिलं होतं. हा प्रोग्रॅम आधीच्या एरियान-४ रॉकेटवरून उचललेला होता, आणि तिथे ते तीन उघडे आकडे कधीच एवढे मोठे झाले नव्हते.

टाकी काठोकाठ, डिस्प्ले कोरा

पाणी सुरळीत झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी फर्मान काढलं, की आकडे मराठीत पाहिजेत. भाचा खूश झाला.

या डिस्प्लेत देवनागरी नसतं, पण ठिपके जुळवून स्वतःची आठ अक्षरं काढायची सोय असते. अंक तर दहा. आम्ही बराच वेळ कागदावर ठिपके मांडत बसलो. मग त्याच्याच ध्यानात आलं, की ०, २ आणि ३ हे तीन इंग्रजी अंकच देवनागरी म्हणून खपतात. उरले सात. १ ला पहिली जागा, ४ ला दुसरी, असे ते ओळीने बसवले. अंक आता क्रमाने नसल्यामुळे ४८ मिळवायची युक्ती चालेना, म्हणून कुठल्या अंकाला कुठलं अक्षर याचं दहा घरांचं कोष्टक केलं.

"६४.५" झकास दिसलं. आजी खाली येऊन पाहून गेल्या. तासाभराने टाकी ७१ वर पोचली आणि डिस्प्लेवर नुसता "७" उरला, पुढचं टक्क्याचं चिन्हसुद्धा गायब. शंभर झाले तेव्हा आकड्याच्या जागी काहीच नाही.

"मामा, या वेळी मी तेरा नाही, सतरा चौकोन घेतलेत," तो म्हणाला. घेतले होते खरेच.

स्वतः काढलेल्या आठ अक्षरांचे क्रमांक ० ते ७ असतात. "१" ला त्याने पहिली जागा दिली होती, म्हणजे क्रमांक शून्य. आणि स्ट्रिंगमध्ये शून्य म्हणजे "फक्त". जिथे जिथे देवनागरी एक येई तिथे ओळ संपत होती.

डिस्प्ले बनवणाऱ्यांनी यावर एक पळवाट ठेवली आहे. तीच आठ अक्षरं ८ ते १५ या क्रमांकांनीही मिळतात. कोष्टकात पहिल्या अक्षराच्या जागी ० खोडून त्याने ८ लिहिले, प्रोग्रॅम पुन्हा चढवला, आणि आम्ही जिन्यात उभे राहून टाकी भरायची वाट बघू लागलो. ९८.७. ९९.४. मग "पाणी: १००.० %", ओळीतल्या सोळापैकी तेरा अक्षरं, आणि पाठोपाठ पंप बंद झाल्याचा आवाज.